टिंब गैरहजर आहे

माणसाने भित्रं असायला हरकत नाही, पण निदान कशाला भ्यायचं ते एकदा ठरवून घ्यावं. मला ते जमलेलं नाही. लिफ्टमध्ये एकटा असलो तर ती मध्येच बंद पडेल म्हणून मी घाबरतो आणि कोणी बरोबर असलं तर त्यांच्याशी काय बोलायचं म्हणून घाबरतो. असा माणूस कॉलेजात संगणक शिकवत असला तर फारसं बिघडत नाही, कारण संगणक उलटून बोलत नाही आणि मुलं ऐकत नाहीत. बिघडतं ते एवढंच, की माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. कायम करायची फाईल विभागप्रमुखांच्या टेबलावर, त्यांच्या डाव्या हाताला, पेपरवेटखाली असते. त्यांच्या खोलीत गेलो की मी त्यांच्याशी बोलतो आणि तिच्याकडे बघतो.

आमचे विभागप्रमुख कधीही ओरडत नाहीत. तुम्हाला वाटेल, मग काय तक्रार आहे. पण ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, तो दमतो. आमचे साहेब इतक्या हळू आवाजात बोलतात की ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागतं, आणि एकदा वाकलं की माणूस आपोआप 'हो' म्हणतो.

तर यंदा त्यांनी मला बोलावलं आणि हळू आवाजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं. हा प्रोजेक्ट माझ्याकडे असतो. मुलांनी चार-चार जणांचे गट करायचे, वर्षभर मिळून एखादा प्रोग्राम तयार करायचा आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. गट मुलं आपापसात ठरवत. मित्र मित्रांना धरत, हुशार हुशारांना धरत, आणि ज्यांना कोणीच धरलं नाही त्या उरलेल्यांची मोट मी बांधत असे. दिवाळखोरीत निघालेल्या चार दुकानांचं एक दुकान करावं तसला तो प्रकार. मग सहा महिने सगळ्या गटांची भांडणं सोडवायची. रडणं, चिडणं, 'सर, तो काहीच करत नाही', 'सर, तीच सगळं करते आणि आम्हाला करू देत नाही'. मला वाटे, सगळीकडे असंच चालत असणार.

"चालत नाही," विभागप्रमुख म्हणाले. ते नुकतेच कसल्याशा परिषदेला जाऊन आले होते. "गट स्वभावानुसार करायचे. मुलांची स्वभावचाचणी घ्या. सारख्या स्वभावाची मुलं एकत्र आली की भांडणाचं मूळच संपलं. बरोबर?"

मी वाकलेलो होतो. मी हो म्हणालो.

"आणि गट म्हणजे गट. तोंडी परीक्षेला एक जण जरी गैरहजर राहिला तरी सगळा गट नापास. त्याशिवाय एकोपा येत नाही." एवढं बोलून त्यांनी पेपरवेट उचललं, फाईल जराशी सरळ केली आणि पेपरवेट पुन्हा ठेवलं. त्यांनी ते सहज केलं असेल. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

स्वभावचाचणी कशी असते हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगायची भीती वाटत होती. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर एका मोठ्या कारखान्यात त्यांनी माणसं नेमण्याचं काम केलं, म्हणून सगळी इमारत त्यांना भरतीसाहेब म्हणते. जिन्यात भेटलेल्या माणसाकडे ते अजूनही त्याला घ्यावा की न घ्यावा अशा नजरेने बघतात. माझ्याकडे बघून त्यांचा निर्णय पहिल्याच दिवशी झाला असावा. पण मदतीला तत्पर माणूस. त्यांनी माळ्यावरून एक जुनी प्रश्नावली काढून दिली. 

"हजारो माणसं पारखली आहेत हिच्यावर," ते म्हणाले. "डोळे झाकून वापरा."

मी डोळे झाकून वापरली. ती कारखान्याच्या पहारेकऱ्यांसाठी होती हे वाचताना लक्षात आलं, पण परत करायला जायची हिंमत झाली नाही. 'भिंतीवरून कोणी उडी मारताना दिसल्यास आपण काय कराल' अशासारखे प्रश्न होते. मी भिंतीच्या जागी वर्ग घातला, उडीच्या जागी मतभेद घातले, दोन प्रश्नांत कुत्रं होतं ते काढून टाकलं आणि प्रश्नावली संगणकावर चढवली. उत्तरं वाचून सारख्या स्वभावाची मुलं एकत्र आणणारा आणि यादी थेट परीक्षा विभागाकडे पाठवणारा प्रोग्रामही मीच लिहिला. हे वाक्य मी थोड्या अभिमानाने लिहिणार होतो, पण पुढचं सांगायचं असल्यामुळे तो बेत रहित करतो.

कुठलाही प्रोग्राम लोकांपुढे ठेवण्याआधी स्वतः एकदा वापरून बघायचा असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. म्हणून मी एक खोटा विद्यार्थी होऊन प्रश्नावली भरली. नावाच्या जागी, धाकटी बहीण मला लहानपणी म्हणायची ते 'दादू' घातलं. आडनाव दिल्याशिवाय प्रोग्राम पुढे जाईना, म्हणून तिथे एक टिंब दिलं, तेही चालेना तेव्हा 'टिंब' असं अक्षरांत लिहिलं. पालकांच्या फोनच्या जागी बायकोचा नंबर टाकला, कारण मला पाठ असलेला तो एकच आहे. आणि उत्तरं खरी दिली. कोणी वाचणार नव्हतं ना. 'लोकांसमोर बोलताना माझे पाय थरथरतात', पूर्ण सहमत. 'चूक झाली तर ती सांगण्यापेक्षा लपवणं मला सोपं वाटतं', पूर्ण सहमत. इतका मोकळा मी बायकोजवळही कधी झालो नव्हतो. भरून झाल्यावर अगदी हलकं वाटलं. त्या हलकेपणात ती नोंद पुसायची राहून गेली.

मुलांनी काय केलं ते ऐका. त्यांना वाटलं, ही उत्तरं पुढे नोकरी देणाऱ्या कंपन्यांकडे जाणार. झाडून सगळ्यांनी 'मी जन्मजात पुढारी आहे' या चालीवर उत्तरं भरली. आदल्या आठवड्यात फळा पुसायला उठ म्हटलं तर शेजाऱ्याला ढकलणारा मुलगासुद्धा संकटात शांत राहून इतरांना दिशा देणारा निघाला. वर्गात खरं बोलणारे तिघेच सापडले. प्रोग्रामने पुढाऱ्यांमध्ये पुढारी घातले आणि उरलेल्या तिघांजवळ त्यांच्याच स्वभावाचा चौथा नेऊन बसवला. प्रोग्राम अगदी चोख चालला होता. तो चौथा म्हणजे दादू टिंब.

यादी फलकावर लागल्यावर मला हे दिसलं. मी तसाच विभागप्रमुखांकडे धावलो. ते फोनवर प्राचार्यांना सांगत होते की आमची पद्धत एकही चूक न होता पार पडली आणि त्याचं श्रेय या आमच्या सरांना आहे. 'या' म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला. मग फोन ठेवून हळूच म्हणाले, "काही अडचण?"

फाईल पेपरवेटखाली होती. मी म्हणालो, "नाही सर. पंखा चालू आहे का ते बघायला आलो होतो."

म्हटलं, परीक्षा विभागात जाऊन गुपचूप नाव काढून घेऊ. तिथे एक बाई बसतात. त्या अतिशय सज्जन आहेत आणि नियमाबाहेर पापणीही हलवत नाहीत.

"नाव कमी करायला कारण लागेल," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कॉलेजात गेला, स्वतःहून शिक्षण सोडलं किंवा वारला. यातलं कुठलं?"

"यातलं कुठलंच नाही. तो मुळात नाहीच."

"म्हणजे वारला."

"वारला नाही हो. तो जन्मालाच आला नाही."

बाईंनी संगणकाचा पडदा वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. "त्याला रकाना नाही," त्या म्हणाल्या. "शिक्षण सोडलं असेल तर त्याला स्वतः सही करायला पाठवा. वारला असेल तर दाखला आणा. नाहीतर तुमच्या विभागप्रमुखांचं लेखी पत्र आणा, चूक कोणाची ते लिहून."

दाखल्याचा विचार मी जिना उतरेपर्यंत केला. मग लक्षात आलं की तो जर वारला तर खरं म्हणजे मीच वारणार, आणि तो बेत सोडला.

पुढे महिना-दीड महिना मी त्या तिघांना चुकवत होतो. त्यांची ओळख करून देतो. एक मुलगी वर्गात नेहमी खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसते. तिचा आवाज मी हजेरीलाही ऐकलेला नव्हता, ती हात वर करते. तिला मी मनात कोपरा म्हणतो. दुसरी प्रत्येक वाक्याच्या आधी सॉरी म्हणते, दार उघडलं तर दाराला म्हणते. तिसरा मुलगा काहीही विचारलं तरी 'हो सर' म्हणतो. 'समजलं का' ला हो सर, 'समजलं नाही का' ला पण हो सर. या दोघांची नावं माझ्या मनात सॉरी आणि होसर अशीच पडली. या तिघांनी चौथा भिडू आला नाही म्हणून माझ्याकडे तक्रार करायला हवी होती. पुढाऱ्यांचे गट तोवर रोज येत होते. एका गटात चारही जण कप्तान असल्यामुळे प्रोजेक्टचं नाव ठरायला महिना लागला, आणि ते ठरल्यावर दोघांनी राजीनामे दिले. हे तिघे मात्र प्रयोगशाळेत चौथी खुर्ची रिकामी ठेवून निमूट बसत. तक्रार करायची त्यांना भीती वाटत होती, आणि त्यांनी ती करू नये म्हणून मी देवाला साकडं घालत होतो. 

मग एके दिवशी प्रोग्रामने टिंबच्या नावाने आपोआप उघडलेल्या पत्त्यावर निरोप आला. 'सॉरी, तुम्हाला त्रास देतेय. तुम्ही आमच्या गटात आहात. तुम्हाला वेळ असेल तेव्हा भेटाल का? नसेल तरी चालेल. सॉरी.'

उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण उत्तर न मिळालेल्या माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. मी लिहिलं, 'मला लोकांसमोर यायला जमत नाही. काम सांगा, करून पाठवतो.' पाठवलं आणि खुर्चीतून उठलो, कारण हे काय करून बसलो ते त्याच क्षणी कळलं. लगेच होसरचं उत्तर आलं. 'हो. आम्हालाही जमत नाही.'

इथून पुढची हकिगत सांगताना मला अजून धडधडतं. एका विद्यार्थ्याच्या नावाने मी माझ्याच विद्यार्थ्यांबरोबर प्रोजेक्ट करू लागलो, आणि त्याचे गुणही मीच देणार होतो. पकडला गेलो असतो तर नोकरी कायम होणं दूरच, कुठे शिकवायची सोय उरली नसती. रोज घरी आलो की जेवणाच्या टेबलावर संगणक उघडायचा आणि बायको आत गेली की टिंब व्हायचं. त्या तिघांचंही बोलणं सगळं लिहूनच चाले. एका टेबलाला बसून ते एकमेकांना निरोप पाठवत. मी पहारा द्यायला जात असे तेव्हा प्रयोगशाळेत एवढी शांतता फक्त त्यांच्याकडे असे. त्यांनी काय करायला घेतलं होतं माहीत आहे? वर्गात नाव न सांगता शंका विचारायची सोय. मुलाने शंका लिहायची, ती शिक्षकांच्या पडद्यावर यायची, कोणाची ते कळायचं नाही, उत्तर मिळालं की शंका पुसली जायची. मी ते दोनदा वाचलं. मी शिकत असताना मला ही सोय मिळाली असती तर मी दोन विषयांत तरी बरा निघालो असतो.

शंका पुसायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या थाटात ते करून पाठवलं. कोपऱ्याने परत पाठवलं. 'चालत नाही. पुन्हा करा.' सॉरी नाही, काही नाही. जी मुलगी हजेरीला तोंड उघडत नाही ती लिहिताना एवढी फटकळ असेल असं वाटलं नव्हतं. मी पुन्हा केलं. ते पुन्हा परत आलं. 'आधीचं बरं होतं.' मी हा विषय पुस्तक न उघडता शिकवतो हो. माझा चेहरा बघून बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का. तेवढ्यात सॉरीचा वेगळा निरोप आला. 'सॉरी, ती तशीच आहे. मनावर घेऊ नका. तुम्ही प्रयत्न छान केलात.' वीस वर्षांच्या मुलीने पाठीवर हात ठेवावा आणि आपल्याला खरोखर बरं वाटावं, यात माझ्या प्रतिष्ठेचं जे व्हायचं ते झालं.

घरातलं बिंग आठवड्याभरात फुटलं. हजेरी बघणाऱ्या आमच्याच एका सहकाऱ्याने टिंबच्या पालकांना फोन लावला. म्हणजे बायकोला. मी समोर चहा पीत होतो.

"कोणाची हजेरी?" बायको फोनवर म्हणाली. "माझा मुलगा? अहो, मला मुलगा नाही." मग थोडं ऐकून, "चिडून म्हणत नाही हो मी. खरंच नाही." मग आणखी ऐकून तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सगळे पालक असंच म्हणतात म्हणे. आणि दादू कोण?"

दादू कोण हे तिला लग्नापासून माहीत होतं. मी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली, आणि तिच्या गंभीर होण्याची मला हसण्यापेक्षा जास्त भीती वाटते.

"परीक्षेला चौथा आला नाही तर त्या तिघांचं काय होणार?"

"नापास."

"त्यांची चूक काय?"

मी चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

"जाऊन सांगून टाका," ती म्हणाली.

"फाईल आहे ना त्यांच्याकडे."

"मग त्या मुलांचं काय आहे तुमच्याकडे?"

मी दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो. विभागप्रमुख रजेवर होते. तिसऱ्या दिवशी गेलो तर त्यांच्याकडे पाहुणे होते. चौथ्या दिवशी ते एकटे होते, मोकळे होते, "या, बसा" म्हणाले, आणि मी पंख्याबद्दल विचारून परत आलो.

आमच्या भिंती पातळ आहेत. भरतीसाहेबांना सगळं कळलं होतं आणि त्यांच्याकडे उपाय तयार होता. "माणूसच कमी आहे ना? मग माणूस देतो," ते म्हणाले आणि आपल्या भाच्याला घेऊन आले. भाचा दुकानादुकानांत पाण्याच्या टाक्या विकायचा. दारातून आत येईपर्यंत त्याने आमच्या टाकीची चौकशी केली होती. छाती एवढी रुंद की दारावर पडदा ओढल्यासारखं वाटलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, काका," तो म्हणाला. "मी टिंब. विचारा काहीही."

मी विचारलं, शंका पुसली जाते म्हणजे नक्की काय होतं. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांच्या टाक्यांची दहा वर्षांची हमी समजावून सांगितली. पाच मिनिटांत मी मान डोलावत होतो आणि तो मला प्रश्न विचारत होता. तो गेल्यावर मी भरतीसाहेबांना नको म्हणून सांगितलं. तत्त्व म्हणून नाही. खोटा माणूस उभा करायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती, एवढंच. घाबरट माणसं बऱ्याच वेळा सज्जन दिसतात त्याचं कारण हे आहे. भरतीसाहेब म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि पहिल्या दिवसाचा निर्णय बरोबर असल्याच्या समाधानात निघून गेले.

परीक्षेचा दिवस उजाडला. निघताना बायकोने रुमाल हातात दिला. खोलीत एका बाजूला विभागप्रमुख, बाहेरच्या परीक्षक बाई आणि मी. समोर चार खुर्च्या. परीक्षक बाई कमी बोलणाऱ्या होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. पुढाऱ्यांचे गट एकामागून एक आले. चार जण एकदम बोलत, चारही जण 'हे मी केलं' म्हणत, आणि प्रोग्राम सुरू करा म्हटलं की चारही जण एकमेकांकडे बघत. बाई कपाळ चोळत होत्या. विभागप्रमुखांचा आवाज आणखी हळू झाला होता.

मग ते तिघे आले. तीन खुर्च्यांवर बसले. चौथी होसरने थोडी मागे ओढून ठेवली, कोणी आलं तर बसायला सोपं जावं अशी.

कोपऱ्याने एक शब्द न बोलता प्रोग्राम सुरू केला. सॉरीने बाईंना सांगितलं की तुमच्या फोनवरून काहीही विचारा. बाईंनी लिहिलं, पडद्यावर शंका आली, नाव नाही. सॉरीने उत्तर दिलं, शंका पुसली गेली. बाई पहिल्यांदाच सरळ बसल्या. "हे कोणाच्या डोक्यातून आलं?" त्यांनी विचारलं. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"चौथे महाशय कुठे आहेत?" विभागप्रमुखांनी विचारलं.

सॉरीने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"सॉरी सर," सॉरी म्हणाली, "त्याला लोकांसमोर यायला जमत नाही."

"नियम सर्वांना माहीत होता." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. ऐकण्यासाठी मी सवयीने पुढे वाकलो. "लिहा. टिंब गैरहजर आहे. चौघांपुढे शून्य."

पेन माझ्या हातात होतं. खोटं सांगत नाही, मला त्या क्षणी काही शूर वाटलं नाही. मला फाईल दिसत होती, घराचं भाडं दिसत होतं, बायकोचा चेहरा दिसत होता. आणि समोर टेबलाखाली होसरचे गुडघे दिसत होते. ते थरथरत होते. प्रश्नावलीत मी 'पूर्ण सहमत' लिहिलं होतं ते थरथरणं बाहेरून कसं दिसतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. शून्य काढायला पेन टेकवलं आणि हात पुढे सरकेना.

मी उठलो.

"पेन चालत नाही का?" विभागप्रमुख म्हणाले.

मी टेबलाला वळसा घातला. तेवढं अंतर चालायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. चौथ्या खुर्चीपाशी आलो आणि बसलो. पाय आता माझेही टेबलाखाली होते.

"हजर," मी म्हणालो. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणालो.

विभागप्रमुखांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग मी सांगितलं. तुटक तुटक, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, पण सगळं. दादू, आडनावातलं टिंब, परीक्षा विभाग, पंखा. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. फाईल या खोलीत नव्हती, त्यामुळे कुठे बघावं तेही कळत नव्हतं. गंमत म्हणजे त्या तिघांपैकी कोणीही दचकलं नाही. सॉरीने फक्त तिची पाण्याची बाटली माझ्यासमोर सरकवली.

"आपण नंतर बोलू," विभागप्रमुख म्हणाले. इतक्या हळू, की मला ते नुसतं ओठांवर दिसलं.

परीक्षक बाईंनी चष्मा पुसला, यादी पाहिली आणि म्हणाल्या, "यादीत नाव आहे. माणूस हजर आहे. मग विचारून घेते. टिंब, शंका पुसताना ती आधी कुठून काढावी लागते?"

हे मी दरवर्षी शिकवतो. मला ते पाठ आहे. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. समोर दोन परीक्षक बसले की जीभ टाळूला चिकटते म्हणतात ते अगदी शब्दशः खरं आहे, मी तपासून घेतलं. बाई वाट बघत होत्या. कोपऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि मोठ्याने, स्पष्ट, पूर्ण उत्तर दिलं. तिचा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. जरा जाडसर आहे.

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या.

"त्याला वेळ लागतो मॅडम," होसर म्हणाला. "पण काम करतो तो."

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, मग आणखी एक, मग त्या थांबल्या आणि त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी विभागप्रमुखांच्या खोलीत माझी फाईल पेपरवेटखालून निघाली आणि खालच्या खणात गेली. "यंदा पुढे पाठवत नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. आणि परीक्षा विभाग म्हणतोय, टिंबची नोंद आता काढता येणार नाही. तो परीक्षेला बसलाय." मी हो म्हणालो. आश्चर्य म्हणजे खण बंद झाला तेव्हा मला जेवढी भीती वाटेल असं वाटलं होतं तेवढी वाटली नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्याला भीती म्हणता येणार नाही.

ते तिघे बाहेर जिन्यात उभे होते. मला माफी मागायची होती. त्यांच्यापुढे आल्यावर नेहमीसारखं काहीतरी भलतंच तोंडातून गेलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सॉरी सर," सॉरी म्हणाली, "पहिलं काम पाठवलंत तेव्हाच. फळ्यावर तुम्ही जी चूक नेहमी करता, तीच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही घाबरला असता," होसर म्हणाला.

मी कठडा धरला. "तुम्ही तिघे पास झालात," मी सांगितलं. "सगळ्या वर्गात तुमचा गट पहिला. टिंब नापास. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा द्यावी लागेल."

त्यांना आनंद झाला तो त्यांनी दाखवला नाही, निदान माझ्यासमोर तरी. कोपऱ्याने पिशवी खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी गट पाडताना शेवटपर्यंत उभे राहू नका सर. सुरुवातीलाच कोणाला तरी विचारा. सगळे बसले की आपण उरतो, आणि मग ते आपल्याकडे बघतात."

"तू विचारायचीस?"

"नाही," ती म्हणाली. "दरवर्षी ठरवायचे. यंदा विचारावंच लागलं नाही. फलकावर नावं होती, चौघांची."

ती दोन पायऱ्या उतरली आणि बाकीचे दोघे तिच्या मागोमाग उतरले. खालच्या वळणावर तिघेही थांबले आणि मी येतोय का ते बघू लागले.